तपासणीचा रंग

बाबा,

परवा एका मुलाने तुम्हाला लोभी म्हटलं. तुम्ही कोण हे त्याला माहीत नव्हतं, तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नसेल, पण बोलला तो तुमच्याबद्दलच. आपल्या जुन्या सेक्टरमधल्या त्याच हॉलमध्ये, जिथे गणपतीत आपण सतरंजीवर बसून नाटकं पाहायचो, तिथे म्हाताऱ्यांनी आपले पैसे कसे सांभाळावे यावर भाषण होतं. बँकेतून रिटायर झालेली म्हणून मलाही बोलावणं आलं. समोसे फुकट होते, त्यामुळे गर्दी चांगली होती. मुलगा सरकारमान्य सल्लागार. त्याच्या पडद्यावर सगळ्यात आधी त्याचा नोंदणीचा नंबर आला, मग त्याने पास केलेली परीक्षा, आणि मग तो हिंदीत सांगू लागला की आता कुणीही उठून लोकांना पैशाचा सल्ला देऊ शकत नाही, सरकारचे नियम कडक आहेत. इथवर ठीक होतं. मग म्हणाला, "पहले के लोग लालच में आ जाते थे, इसलिए डूबे." शेजारची बाई समोसा खाताखाता मान हलवत होती. मी माझी बशी खाली ठेवली. मी काय बोलले ते शेवटी सांगते, आधी माझा जो हिशेब तुमच्याशी आहे तो होऊ द्या.

तुमच्याबद्दल विचार करायला लागलं की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. क्वार्टरचं, सिमेंटच्या ओट्याचं, खिडकीतून पोलादाच्या प्लांटच्या बाजूचा आकाशाचा तांबूस पट्टा दिसणारं. मी कॉन्व्हेंटचा निळा पिनोफोर घालून पाटावर बसलेली आहे आणि तुम्ही पहिली पाळी करून आलात. आईने गोळाभात केला आहे, पण ती तुम्हाला वाढत नाही, भांडी आदळते आहे. तिच्या भावाचा मुलगा गावाहून आला होता, तुमच्याच शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या त्याच खात्यात, लागला होता, आणि त्या दिवशी तुम्ही त्याला क्रेनच्या केबिनमधून खाली उतरवून घरी पाठवलं होतं, कारण त्याची चाचणी अजून झाली नव्हती. "सख्खा भाचा हाये माहा," आई म्हणाली, "थोडं चालवून पाहिली तं काय आभाळ पडलं?" तुम्ही ताट स्वतःच पुढे ओढून घेतलं. "घरी तुझा भाचा. क्रेनवर तो माहा कोणी नाही." मग मला समजावून सांगितलंत, की वजन उचलायच्या लोखंडी दोराला स्लिंग म्हणतात, तो दर काही महिन्यांनी तपासतात, आणि तपासून झाला की त्यावर त्या तपासणीचा रंग लावतात. या खेपेला पिवळा असेल तर हिरवा दोर कितीही मजबूत दिसो, उचलायचा नाही. "दिसण्यावर जायचं नाही बेटा. रंग पाहायचा." मी ते वाक्य शाळेत सिस्टरना इंग्रजीत करून सांगितलं होतं. त्यांना आवडलं होतं.

त्या क्वार्टरमध्ये आपल्याला काय कमी होतं? पाणी प्लांटचं, वीज प्लांटची, दवाखाना प्लांटचा, मी जन्मले तो पलंगही प्लांटचा. नळ गळला तर तुम्ही रजिस्टरमध्ये लिहून यायचात आणि माणूस यायचा. फक्त एक गोष्ट आपली नव्हती, ते घर. रिटायर झालं की किल्ली परत. आईला हे रोज आठवायचं. भाजी निवडताना म्हणायची, "एवढी वर्षं झाली, खिळा ठोकायचा तं विचारून ठोकावं लागते." म्हणून ठरलं होतं की तुमचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली की जुनवानीकडे प्लॉट घ्यायचा आणि दोन खोल्या काढायच्या. तेव्हा तिकडे नुसतं रान होतं. रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून तिकडे न्यायचात, मी तेव्हा बँकेत नोकरीला लागलेली मोठी बाई, आणि तुम्ही चपलेने मातीत रेघ ओढून दाखवायचात, इथे तुझ्या आईचा ओटा. लग्न मी केलं नाही, ते माझं आणि तुमचं वेगळं भांडण, पण त्यामुळे माझ्या पगारातलाही निम्मा भाग दर महिन्याला त्याच रेघेसाठी बाजूला पडत होता. तुमच्या नावावर. मीच आग्रह केला होता, कारण घर बापाच्या नावावर असावं असं मला वाटत होतं.

तुमच्या निरोपाच्या दिवशी शॉपमधली सगळी माणसं तुम्हाला हार घालून, बाजा वाजवत घरापर्यंत पोचवायला आली. तुम्ही लाजत होतात. चहा-चिवडा होऊन सगळे गेले आणि एक जण मागे राहिला, तुमच्या शॉपचा हजेरीबाबू. इतकी वर्षं तुमची हजेरी लिहिणारा, आईला वहिनी म्हणणारा, भजनात तुमच्या शेजारी बसून टाळ वाजवणारा. कोण कधी रिटायर होणार हे प्लांटमध्ये त्याच्याइतकं कुणालाच आधी कळत नव्हतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. त्याने पिशवीतून सागवानाच्या झाडांचे रंगीत फोटो काढले. कंपनी तुमच्या नावाने झाडं लावणार, वाढवणार, कापणार, आणि काही वर्षांत पैसे कितीतरी पट होणार. "दादा, पोस्टात ठेवून त्या व्याजाच्या काय लिमलेटच्या गोळ्या घ्यान? नोटेची किंमत कमी होते, झाड वाढूनच राहते. आणि झाड काही रात्री पळून जात नाही." तुम्ही हसलात. मी हसले नाही. मी विचारलं, "काका, हे विकायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?" तो माझ्याकडे न पाहता आईला म्हणाला, "वहिनी, पोरगी लई शिकली. चहात साखर कमी टाकत असन."

तो गेल्यावर आपलं जे बोलणं झालं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. तुम्ही म्हणालात, "तू कावून एवढी खोदून राहिली? बाहेरचा माणूस हाये का तो? त्याच्याजवळ गेटपास हाये. गेटवर पाहून सोडतात." मी म्हटलं, "बाबा, तो पास हजेरी लिहायला आत जायचा आहे. लोकांचे पैसे कुठे लावायचे ते सांगायचा नाही." तुम्ही उठून हार खुंटीला टांगायला गेलात. आज मला कळतं की ते उठून जाणं पटल्याचं नव्हतं. तुम्ही आणि तुमच्यासारखे कितीतरी जण विशीत इथे आलात आणि प्लांटच्या भिंतीच्या आत म्हातारे झालात. आत येणारी प्रत्येक वस्तू, प्रत्येक माणूस कुणीतरी तपासूनच आत सोडलेला आहे, यावर तुमचा जीव अवलंबून होता आणि तो विश्वास कधी खोटा ठरला नव्हता. गेटच्या बाहेर कुणीच काही तपासत नाही, हे तुम्हाला शिकवायला कुणी नव्हतं. मी होते, पण मी तुमची पोरगी होते.

पंधरवडा गेला असेल. मी मुदत ठेवींच्या काउंटरवर बसले आहे. दुपारची गर्दी. मान वर करते तर तुम्ही रांगेत. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला अजून प्लांटचं पेन. तुम्ही ठेवींच्या पावत्या पुढे सरकवता, मागच्या बाजूला सह्या केलेल्या. त्यात माझ्या पगारातून झालेल्या पावत्याही आहेत. मी हळूच विचारते, "बाबा, कशाला मोडता?" आणि तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "मॅडम, मुदतीच्या आधी मोडायले कारण सांगावं लागते का? नियम असन तं दाखवा." तसा नियम नव्हता. मी म्हटलं, नाही लागत. "मंग ड्राफ्ट बनवून द्या," तुम्ही म्हणालात आणि कंपनीचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिलीत. चिठ्ठीवरचं अक्षर हजेरीबाबूचं होतं. त्या नावाचा ड्राफ्ट मी माझ्या हाताने लिहिला, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता. तुम्ही पितळी टोकन घेऊन बाकावर बसलात आणि नंबर येईपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन-तीन वर्षं छापील पत्रं आली, एक कॅलेंडर आलं, मग काहीच आलं नाही. रायपूरच्या ऑफिसला कुलूप. तोवर क्वार्टरची मुदत संपली होती आणि आपण दुर्गला पद्मनाभपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत होतो, जिथे खिळा ठोकायला घरमालकाला विचारावं लागायचं. मी पत्रं लिहिली. भोपाळला लिहिली, तेव्हा आपली राजधानी तीच, दिल्लीला लिहिली, सिस्टरनी पाठ थोपटली असती अशा इंग्रजीत. एका ऑफिसने कळवलं की ही ठेव नाही, म्हणून आमचा विषय नाही. दुसऱ्याने कळवलं की हे शेअर नाहीत, म्हणून आमचा नाही. भोपाळच्या एका साहेबांना मी स्वतः जाऊन भेटले, तर त्यांनी विचार करून सांगितलं, "सागौन है ना? वन विभाग में पूछ लीजिए." मी सरकारी बँकेत काम करणारी बाई, मला सरकारचा राग येत नव्हता तोवर. त्या दिवशी आला, तो अजून गेलेला नाही.

पण तुमचा जास्त आला. हजेरीबाबूने जुनवानीत घर बांधलं, दारं सागवानाची. आणि तुम्ही म्हणायचात, "त्यालेही कंपनीनं फसवलं असन." त्याच्यासाठी तुमच्याकडे कारण होतं. माझ्यासाठी एक शब्द नव्हता. पेन्शन काढायला तुम्ही आईला पाठवायचात, स्वतः माझ्या बँकेची पायरी पुन्हा चढला नाहीत. ज्या माणसाने सख्ख्या भाच्याला केबिनमधून खाली उतरवलं, त्याने आयुष्यभराचं वजन बिनरंगाच्या दोराला अडकवलं, आणि रंग विचारणाऱ्या मुलीला चारचौघांत परकं केलं. मी किती तरी वर्षं हे असंच, याच शब्दांत स्वतःशी म्हणत आले. आई भाड्याच्या घरात गेली, तुम्हीही तिथूनच गेलात. हजेरीबाबू तुमच्या तेराव्याला आला होता. जेवून गेला.

आता त्या मुलाकडे येते. त्याचं भाषण झाल्यावर एक निवृत्त इंजिनियर उठले आणि म्हणाले, पैसा माझा, मी कुठेही लावीन, सरकारने मला शिकवू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा, तुम्हीही वाजवल्या असत्या. मग मी उठले. मी म्हटलं, काय उचलायचं ते यांचं यांनी ठरवावं, सरकारने त्यात पडू नये. पण दोर तपासायचं काम कुणाचं? मग त्या मुलाला म्हटलं, तुझा नंबर चांगला आहे, परीक्षा चांगली आहे, मी घरी जाऊन तो नंबर खरा आहे का तेही पाहणार आहे. पण ज्यांच्या वेळी नंबर द्यायलाच कुणी नव्हतं, त्यांना तू लोभी म्हणायचं नाही. त्यांना बायकोसाठी एक ओटा बांधायचा होता. लोभ तो नव्हे. नियम करणाऱ्या तुम्हा लोकांना जेव्हा दोराला रंग लावायचा होता तेव्हा तुम्ही एकमेकांकडे बोट दाखवत होतात, आणि आता दोर रंगवून झाल्यावर पडलेल्या माणसाला म्हणता की याला डोळे नव्हते. मुलगा चांगला असावा, खाली पाहून "सॉरी आंटीजी" म्हणाला. बाहेर पडताना समोसा खाणाऱ्या त्या शेजारच्या बाईने माझा हात धरला आणि विचारलं, "कौन थे वो?"

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पाकिटावर लिहायला तुमचा पत्ता म्हणून मला क्वार्टरचाच आठवतो आणि तिथे आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत असतात, मी हॉलमधून निघून मुद्दाम जाऊन पाहिलं. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुमच्याबद्दल इतकं सगळं बोलले, पण "माझे वडील" हे शब्द मी हॉलमध्ये उच्चारले नाहीत. बोलायला उठल्यावर सुरुवातीलाच मी म्हटलं होतं, आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. त्या बाईने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं, "हमारे पड़ोसी थे." तुम्ही मला लोकांसमोर मॅडम म्हणालात, ते मी इतकी वर्षं धरून बसले होते. परवा कळलं की तसं म्हणायला फार काही लागत नाही. समोर चार माणसं असली की पुरतं.