विळ्याच्या आकाराचे जंतू

सांगली, १२ ऑक्टो. १९४४
ह्यांनी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक सुट्टीपुरता घरी आणलाय. खिडकीशी, उजेडात मांडला. मळ्यातले तातोबा पिंजरा देऊन गेले. "वैनी, लय गावल्यात उंदरं. मास्तर ह्यांचं करत्यात तरी काय?" काय सांगणार! नरांचे शुक्रजंतू बघतात म्हणून?

१४ ऑक्टो.
चित्रं मीच काढते, ह्यांचा हात वाईट. डोकं अगदी विळ्यासारखं, शेपूट लांबलचक. डोकं नीट आणि शेपूट पुरी असली की नर चांगला, असं ह्यांचं म्हणणं. सासूबाई लांबूनच, "शिव शिव."

१७ ऑक्टो.
रहिमतपूरहून मुलीची पत्रिका आली. मला मूल नाही म्हणून ह्यांच्या दुसऱ्या लग्नासाठी. सासूबाईंनी तरी किती वाट पाहायची... जेवण गेलं नाही.

१९ ऑक्टो.
कॉलेजातल्या एका उंदरिणीला पिल्लंच होत नव्हती. नर बदलला, व्याली. आज त्या पहिल्या नराचे जंतू पाहिले. डोकी वेडीवाकडी, कितीकांना शेपूटच नाही. मी म्हटलं, "म्हणजे तिला उगाच..." हे भिंगावरून डोळा काढीनात.

२० ऑक्टो.
सकाळी दार लावून बसले होते. मग मला हाक मारली. "हे काढ." माणसाच्या जंतूचं डोकं अंडाकृती असतं म्हणे. इथे तसे थोडेच. बाकीचे कसेतरीच. "कुणाचे?" "माझे." पेन्सिल खाली ठेवली.

२१ ऑक्टो.
जेवताना सरळ सांगितलं. "आई, दोष माझ्यात दिसतोय. दुसरं लग्न नाही. हिला यापुढे कुणी बोलायचं नाही." सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. मी मोरीत जाऊन रडले. कोणता नवरा असं आपल्या तोंडानं सांगतो? देवाचे उपकार. ह्यांचे त्याहून जास्त.

२७ ऑक्टो.
मिरजेला डॉक्टरांकडे. "नुसत्या आकारावरून मूल होईल, न होईल सांगता येत नाही. काही महिन्यांनी परत पाहू." येताना गाडीत मी ह्यांचा हात धरला. लोकांनी पाहिलं, पाहू दे.

३० ऑक्टो.
शेजारच्या काकूंनी सासूबाईंना नेहमीचं विचारलं, सुनेचं काही? सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "तिला काही झालेलं नाही. तिला विचारत जाऊ नका." काकू गेल्यावर माझ्याकडे न बघताच, "पुढच्या खेपेला मिरजेला मीही येते गं. डॉक्टर काय म्हणतात, मला कळू दे."
होईल, न होईल. आज दोघी एका पंगतीला बसलो.