अक्काच्या कोपरावरचा वण

मंगळवार संध्याकाळ, के. आर. पुरम

१. अक्काच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या, कोपरावर भाजल्याचा वण आहे.
२. रविवारी मी म्हणाले, मी बनवलेल्या कातडीच्या गणिती मॉडेलप्रमाणे तो आपोआप मऊ पडेल.
३. त्यावर विसंबून ती शुक्रवारचं ऑपरेशन रद्द करणार आहे.

आज ती डबा द्यायला आली. हात पुढे केला, पण कोपर पुरतं सरळ होईना. "तुझ्या गणितातला हात कधी डोसा उलटतो का गं?" म्हणाली. "स्वल्प, थोडं त्यालाही कामाला लाव."

ती हसली. मी नाही. माझ्या मॉडेलमधली कातडी सपाट आहे, सगळीकडून सारखी ताणलेली. कोपर तर दिवसभर वाकतं. मग ताण एकाच दिशेने असला तर? ती गेल्यावर तसं करून पाहिलं. वण मऊ पडण्याऐवजी आखडत गेला. पुन्हा चालवलं, तरी तेच. का, ते अजून नीट कळलेलं नाही, आणि कळेपर्यंत चैन पडणार नाही. पण रविवारी इतक्या खात्रीने बोलले कशी?

तिला आत्ताच लिहिलं: "अक्का, माझं गणित कोपरासाठी नव्हतं. चूक माझी. ऑपरेशन रद्द करू नकोस, आधी डॉक्टरांना हात दाखव. काय ठरलं ते गुरुवारपर्यंत कळव."