अजिनाथच्या घराचं दार

१२ मे, सोमवार
शेजारच्या अजिनाथच्या घराला दार बसलं! आमच्या शनिदेवाच्या गावात! जिथे पिढ्यान्‌पिढ्या नुसती चौकट आणि पडदा, तिथे फळ्यांचं जाडजूड दार. दुपारपर्यंत अर्धा गाव जमला. अजिनाथ मान खाली घालून उभा. आमचा मुलगा योगेश सगळ्यात तापलेला — "दार लावून काय करायचंय यांना आत?"

काय करायचंय ते मला ठाऊक आहे. तो बायकोला मारतो. जयाचं रडणं पडद्यातून सगळ्या आळीला ऐकू येतं. आता ते ऐकू जायला नको, म्हणून दार. किळस आली मला त्याची.

१३ मे
रात्री शेजारून आवाज नाही. दार जाड आहे. सकाळी अजिनाथ ओट्यावर झोपलेला दिसला. उकाडाही भलताच.

१४ मे, बुधवार
दार काढलं. पुढाकार माझा. शनीला वाहायच्या तेलाचं दुकान सुनेवर, सायलीवर सोपवलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण मी घाईत. पाच जणांना घेऊन गेलो. बिजागऱ्या योगेशनेच उचकटल्या. बाकीचे दारामुळे शनिदेव कोपेल म्हणत होते, मी मात्र अजिनाथला तोंडावर सांगितलं, "बाईवर हात टाकलास तर आमी आत येनार. आता अडवायला दार न्हाई." इतक्या वर्षांत गावातला एकही पुरुष हे बोलला नव्हता. बरं वाटलं. जया कोपऱ्यात गप्प उभी होती. संकोचली असेल बिचारी.

१५ मे
माल आणायला नगरला गेलो होतो. परत आलो तर माझी बायको लंका ओट्यावर बसलेली, माझ्याकडे बघेना. दुपारी अजिनाथने जयाचा हात मोडला. कालचे आमचे शूर गडी आवाज ऐकूनही "रंगनाथ येऊ दे" म्हणत माझी वाट बघत बसून राहिले. शेवटी लंकाच आत शिरली.

मग मला म्हणाली, "दार त्यानं न्हाई, तिनं बसवलं हुतं. कडी आतून हुती. दिसली न्हाई व्हय तुमाला?"

दिसली होती. मीच ती पिशवीत टाकली होती. दोन रात्री तो ओट्यावर झोपला तो उकाड्याने नव्हे, तिने बाहेर ठेवला होता म्हणून. आणि आम्ही सहा जणांनी मिळून त्याला आत सोडलं. लाज वाटते. तिला विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

१६ मे
जयाकडे गेलो. पडद्याबाहेरूनच हाक मारली. "जया, आमी काय करावं?"

"दार द्या माजं. आन पोलीस ठाण्यात जायचंय, गाडीवर सोडा."

सोडलं. तिने तक्रार दिली. संध्याकाळी अजिनाथला घेऊन गेले.

१७ मे, शनिवार
शनिवार असूनही दुकान बंद ठेवलं. दार परत बसवलं, बिजागऱ्या मीच ठोकल्या. आळीतले सहादेवअण्णा म्हणाले, "देव कोपंल." म्हटलं, कोपायचा असता तर आधीच कोपला असता. जयाने आतून कडी लावून बघितली. नीट बसते.

१८ मे
हत्यारं पिशवीत भरत होतो. सायली चहा घेऊन आली. योगेश समोरच होता. ती हळूच म्हणाली, "तात्या, तसलंच एक आमच्या खोलीला बसवाल? कडी आतून."

योगेशने मान खाली घातली.

मी पिशवी परत उघडली.