अंगारकीच्या दिवशी नूडल्स

बेडोक, सिंगापूर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय अरू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत, हे आधीच लिहून टाकते. फोन का केला नाही, तर तुझ्या घरी फोन आला की तो थेट स्पीकरवर जातो. सासूबाई 'जेवलीस का गं नीलिमा' विचारणार, प्रबोधभाऊजी मागून पाऊसपाणी विचारणार, आणि तू कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून बोलणार. हे पत्र फक्त तुझं आहे. दार लावून वाच.

गणपती तीन दिवसांवर आले. मूर्ती आणून झाली. निमिषने यंदा फोनमध्ये न बघता आरती म्हणायचं कबूल केलंय. "कॅन, आई, डोन्ट वरी लाह," म्हणतो. बघू. पंचविशी आली तरी याचं वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' लावणं काही सुटत नाही.

हो, एक नवीन सांगायचं म्हणजे जुलैत आमच्या गाडीत टोलचं नवं यंत्र बसवलं. इथे सगळ्यांनाच बसवावं लागतंय. गाडी कुठे आहे ते त्याला म्हणे उपग्रहावरून कळतं. ज्या दिवशी बसवलं त्या दिवशी जेवताना निमिष म्हणाला, "म्हणजे आपण कुठे जातो ते सरकारला कळणार. आणि टोल कुठे कापला ते बाबांना फोनवर दिसणार, गाडी त्यांच्या नावावर आहे ना."

अभय भात कालवत म्हणाला, "दिसू दे की. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

मी मान खाली घालून कोशिंबीर चिवडत बसले. भाऊजींना सांग, इथे काकडी चांगली मिळते.

बघ, परत विषय टाळला. आता सांगते. त्याच आठवड्यात अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली होती. डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली. आईची होती तिथेच.

अरू, थांब, घाबरू नकोस, पुढे वाच.

मी कुणालाच सांगितलं नाही. तुला आठवतंय ना आईचं? दवाखान्यातल्या कंपाउंडरने आपल्या बायकोला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. आईला डॉक्टरांनी सांगायच्या आधी शेजारच्या काकू वाटीभर खीर घेऊन डोळे पुसत दारात उभ्या. आई नंतर मला म्हणाली होती, "निदान माझं मला तरी आधी कळू द्यायचं होतं गं." तू लहान होतीस, तुला ते वाक्य ठाऊक नसेल. मी मात्र ते विसरले नाही. म्हणून ठरवलं, काय आहे ते कळेपर्यंत हे माझ्यापाशीच राहील. अभयपासूनसुद्धा.

पण गाडीत ते यंत्र! त्याचा छोटा पडदा काचेपाशी उजळला की मला वाटायचं, हा आता घरी जाऊन चुगली करणार. सरकारला माझ्या गाठीत काय रस असणार, हे मलाही कळत होतं. पण माहिती एकदा आपल्या हातून सुटली की कुठे कुठे जाते, हे कंपाउंडरच्या वेळी पाहिलेलं होतं. मग मी शक्कल काढली. गाडी बेडोकच्या हॉकर सेंटरपाशी, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारापाशी, लावायची आणि तिथून बसने हॉस्पिटलला जायचं. यंत्राने काय ते हॉकर सेंटर बघावं! येताना अभयसाठी सोयाबीनचं गोड दही घ्यायचं, म्हणजे पुरावाही झाला. तो खूश. म्हणाला, "हल्ली फार लाड चाललेत." मला कसंनुसं झालं.

ज्या दिवशी सुई घालून गाठीचा तुकडा काढला, त्या दिवशी यायला उशीर झाला. अभयने कुठे होतीस विचारलं, तर म्हटलं, "तिथेच नूडल्स खाऊन आले." खांदा दुखतोय म्हणून पडून राहिले. रात्री मोदक केले आणि त्याला म्हटलं, "बघ रे, चंद्र दिसतोय का." तो गॅलरीत गेला, बराच वेळ उभा राहिला आणि येऊन म्हणाला, "दिसतोय. ये, जेवून घे."

परवा शुक्रवारी रिपोर्ट मिळायचा होता. सकाळी गाडीत बसले आणि एकदम त्या लपंडावाचा कंटाळा आला. वाईट निघालं तर सांगावंच लागणार होतं. गाडी सरळ हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नेली. म्हटलं, ज्याला बघायचंय त्याने बघावं.

काही नाही गं अरू! साधी गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, बस. गाडीत येऊन बसले आणि अशी हमसून रडले की शेजारच्या गाडीतल्या चिनी आजींनी काच ठोठावून टिश्यूचं पाकीट दिलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मग अभयला फोन केला. "मी हॉस्पिटलमध्ये आहे. मी ठीक आहे," एवढंच म्हटलं. तो टॅक्सीने आला, घरातल्या चपला तशाच पायात.

सगळं सांगून झालं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "काहीतरी आहे हे मला अंगारकीलाच कळलं."

"फोनवर दिसलं?"

"फोन कोण बघतंय! अगं, कडक अंगारकी करणारी बाई दुपारी नूडल्स खाऊन आले म्हणते आणि रात्री उपास सोडायला चंद्र शोधते. त्याला उपग्रह कशाला लागतो?"

अरू, मला इतक्या दिवसांत एकदाही हे सुचलं नव्हतं! यंत्राला चकवायच्या नादात मी तिथी विसरले. दोघं हसत सुटलो, आणि हसता हसता त्याचेच डोळे भरले. मी विचारलं, "मग विचारलं का नाहीस?" म्हणाला, "विचारलं असतं तर तुला आणखी एक थाप मारावी लागली असती. तुला सांगावंसं वाटेपर्यंत थांबायचं ठरवलं. झोप मात्र लागली नाही." जरा वेळाने म्हणाला, "लपवण्यासारखं काय आहे म्हणालो होतो ना, ते चुकलं माझं. तुझं म्हणून काही असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." बत्तीस वर्षांच्या संसारात तो मला कधी इतका आवडला नव्हता.

त्या यंत्रावर माझा विश्वास अजून नाही, पण येताना त्याच्याकडे बघून मी चक्क हसले.

आता तुझ्याकडे येते. आई एकट्या माझी नव्हती. तूही पन्नाशीला आलीस, आणि तपासणीचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, माझ्यासारखाच. गणपती झाले की जा. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मलासुद्धा सांगितलं नाहीस तरी मी विचारणार नाही, जीव टांगणीला लागला तरी विचारणार नाही. पण जा.

आणि घरी थाप मारायची वेळ आलीच, तर आधी कॅलेंडर बघ.

तुझी धडधाकट ताई,
नीलिमा