मेजर, लंबू आणि तिरळा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई म्हणते, पत्राची सुरुवात खुशालीनं करावी. तर खुशाली अशी, की आईचे गुडघे बोलतात, बाबा बोलत नाहीत आणि मी रोज बोलणी खाते. शिलाईच्या दुकानात मास्तरीणबाईंच्या जावयाचा नवा शर्ट होता, त्याची सगळी काजं मी शिवून बंद करून टाकली. बिचारा किती वेळ बटणांशी कुस्ती खेळत होता! बाई पोट धरून हसल्या. बाजारातल्या स्फोटात उजवा हात गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, म्हणून माझी नोकरी वाचली.

हसणं तेवढंच. शेजारच्या सलूनवाल्या काकांना उचलून नेलंय. स्फोट करणाऱ्यानं त्या सकाळी त्यांच्याकडे दाढी केली म्हणे. अरे, सलूनमध्ये माणूस दाढीच करणार ना, का इस्त्री करून घेणार? काकू चौकीत गेली की चौकीवाले म्हणतात लष्कराकडे जा. लष्कराच्या गेटवरचा म्हणतो, इथं कोणी नाही. तू तिथंच जबाब लिहायला बसतोस ना? मग विचार की कोणाला तरी. तुझी पहिली मिशी काकांनीच कोरली होती. वाकडी झाली तो तुझ्या ओठाचा दोष.

गच्चीवरच्या त्यांच्या कबुतरांना सध्या मीच दाणे टाकते. लवकर लिही. लोभ असावा, आणि थोडी लाजही असावी, तीन पत्रांना उत्तर नाही तुझं.

तुझी,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. आमचा आचारी बाजाराला तिकडे येतो, त्याच्या हातानं देतोय; उत्तरही त्याच्याकडेच दे. वाचून जाळून टाक.

काका इथं आहेत. काकूला एवढंच सांग, की जिवंत आहेत. पुढचं सांगू नकोस. त्यांचे डोळे बांधलेले असतात. तोंडावर ओलं फडकं टाकतात आणि वरून पाणी ओततात. मी हात लावत नाही. कोपऱ्यात बसून लिहितो. त्यांनी आवाज ओळखू नये म्हणून मी त्या खोलीत बोलत नाही, खोकलासुद्धा गिळतो.

तू उसळशील, माहीत आहे. पण मास्तरीणबाईंचा हात आठव. दुसरा स्फोट होणार अशी पक्की खबर आहे. साहेब विचारतात, उद्या तो शाळेपाशी झाला तर त्या पोरांच्या आयांना तू काय सांगणार? आणि उपयोग होतोय. काकांनी तीन साथीदार सांगितले. म्होरक्या मेजर, बहुतेक सैन्यातून पळालेला. पहाटे नदीपलीकडे जातो, संध्याकाळी परततो, कोणाच्या हाती लागत नाही. बाकीचे दोघे लंबू आणि तिरळा. सलूनच्या वर भेटतात म्हणे. अशी माणसं तिकडे कधी दिसली का? जपून चौकशी कर.

आईच्या गुडघ्यांना तेल लाव. तुझ्या खोड्यांना काय लावायचं ते मला ठाऊक नाही.

तुझा,
दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. वाकून नाही, उभ्यानंच.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आई धावत आली. मग रडायला लागले, ते का, हे तिला सांगता येईना.

अरे शहाण्या, ती कबुतरं आहेत! काकांची कबुतरं! नावं मीच ठेवलीत. मेजर छाती काढून चालतो. लंबूची मान बघ एकदा. तिरळा एका डोळ्यानं दाणे बघतो, दुसऱ्यानं आपल्याला. परवा तुमचे जवान गच्चीवर येऊन खुराडं उचकटून गेले. मेजर तिथंच कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता. तरीच पुलावर नाका बसलाय! काल मेजर नाक्यावरून उडाला आणि हवालदाराच्या टोपीवर शिक्का मारून गेला.

काकांकडे सांगायला माणूसच नव्हता रे. तुम्ही नाव मागत राहिलात, म्हणून त्यांनी खुराडं उघडलं.

आपला रेडिओ आठवतो? कोणी फोडला म्हणून तू माझा कान पिळलास. मी म्हटलं, मी. कोणाबरोबर म्हणून अजून पिळलास. मी म्हटलं, पोस्टमनबरोबर. तू भर रस्त्यात त्या बिचाऱ्याला जाब विचारायला गेलास! आणि रेडिओ पाडला होता मांजरानं. तेव्हापासून मला वाटत होतं, तुला अक्कल आली.

दुसऱ्या स्फोटाची भीती मलाही वाटते. बाईंची बटणं आता मी लावते, मला नको सांगूस. त्यांना मी आडवळणानं विचारलं, संशयिताला बुडवावं का? म्हणाल्या, सोलून काढावं. मग म्हटलं, सलूनवाले काका असले तर? डाव्या हातानं शिवत राहिल्या, टीप वाकडी गेली. पण हे सांग, खरा स्फोटवाला कुठंय? नाक्यावरून रोज शिट्टी वाजवत सायकलवर जात असेल, सगळे मेजरच्या मागे लागलेत म्हणून!

साहेबांना आजच सांग. लोभ नंतर बघू.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सांगितलं. साहेब म्हणाले, कबुतरांची नावं ही खूण असणार, टोळीला असंच शिकवतात. अहवाल वर गेलाय, तो आता मागे घेता येत नाही. चित्रकाराकडून मेजरचं चित्रही काढून घेतलंय. मिशीसकट.

मग काल साहेबांनी काकांना विचारलं, ही नावं कोणी ठेवली. फडकं पुन्हा ओलं केलं. काका म्हणाले, भिंगरीनं. साहेब खुर्चीतून उठलेच. खरा म्होरक्या सापडला म्हणाले, लिही.

शाई संपली, असं म्हणालो. त्या खोलीत मी पहिल्यांदा बोललो. काकांनी बांधलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी ‘नाव नीट ऐकू आलं नाही’ असं लिहिलं. साहेबांनी ते अजून वाचलेलं नाही. परवा पुन्हा विचारणार आहेत.

तू मामाकडे निघून जा. हट्ट करू नकोस. हात जोडतो.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,

मी मामाकडे जात नाही. मला मामाकडे पाठवशील, काकूच्या नवऱ्याला कुठल्या मामाकडे पाठवशील?

तीन नावं आली तेव्हा तुझ्या पेनात शाई होती. चौथं आपल्या घरातलं निघालं आणि संपली! मला राग त्याचा आहे. साहेबाचा नाही, तो माझा कोण लागतो?

आता नीट ऐक. ती तीन खरी असतील तर चौथंही खरं. मग लिही: भिंगरी, राहणार तुझ्याच घरी, धंदा काजं-बटणं, हत्यार सुई. आणि चौथं खोटं असेल तर पहिल्या तिघांवरही काट मार, साहेबाच्या डोळ्यांदेखत. अर्धं खरं, अर्धं खोटं असं मला चालणार नाही, मी काही तुझी शर्टाची कॉलर नाही, अर्धी उलटवायला.

मला भीती वाटते का? वाटते. काल जिन्यात बूट वाजले तर मी पिंपामागे लपले. गॅसवाला होता. आई हसली, मला नाही हसू आलं.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस. काकांना घरी आण.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, सगळे.

आचारी लगेच निघतोय, म्हणून थोडक्यात. मी लिहिलं. मेजर, लंबू, तिरळा ही सलूनवाल्याची कबुतरं. भिंगरी माझी सख्खी बहीण. आणि या खोलीत पाणी ओतून घेतलेला एकही शब्द खरा मानू नये. खाली सही केली. साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांनी माझा आवाज ऐकला आणि विचारलं, मिशी सरळ झाली का रे?

काकांना सोडलेलं नाही. मला बाहेर बाकावर बसवलंय, पट्टा आणि पेन काढून घेतलंय. हे आचाऱ्याच्या पेन्सिलीनं लिहितोय. बहीण टोळीत, भाऊ लष्करात, असं साहेबांना आता सगळं जुळतंय म्हणे.

माझा जबाब घ्यायला दुसऱ्या लेखनिकाला बोलावलं. माझ्याच खोलीत राहणारा, रोज माझ्याच ताटात हात घालणारा. आत्ता माझ्यासमोरून त्याच खोलीत गेला. खोकला आला होता त्याला, तो त्यानं गिळला.

कबुतरांना दाणे टाक. लोभ आहेच. कान सांभाळ.

तुझा,
दादा