चौथ्या अध्यायातली चप्पल

प्रिय तावोंगा,

या पत्रासोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू पाठवली आहे. तिला आत्ताच हात लावू नकोस. आधी पत्र वाच, सगळं वाच, मग ती सोड. तू माझी सून असलीस तरी उतावळेपणात माझ्या पोटची शोभतेस, त्यामुळे एव्हाना एक कोपरा फाडून पाहिलाही असशील. निदान वास तरी घेऊ नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. मका घरात आला. भुईमूग उपटून झाला आणि आता बायका सरवा वेचायला त्याच शेतात पुन्हा उतरल्या आहेत. लंगड्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही धडधाकट. शेजारच्या न्याजेरेची आणखी एक दाढ पडली, पण तिचं तोंड काही थांबलेलं नाही. तू इस्टरला येऊन गेलीस तेव्हापासून ती रोज तुझ्याबद्दल विचारते, "आपली रूथ कधी येणार?" आणि मी रोज सांगते, रजा मिळाली की येईल. खरं सांगायचं तर मला दुसरीच काळजी होती. त्या वेळी तू काहीतरी सांगायला आली होतीस आणि न सांगताच परत गेलीस. चुलीपाशी बसून तू मक्याच्या पिठाची सिमा इतकी घोटलीस की तिचा दगड झाला. दर थोड्या वेळाने तोंड उघडायचीस आणि म्हणायचीस, "अमामा, मीठ कमी आहे का?" अगं, सिमेत मीठ घालतं का कोणी?

खरी बातमी आमच्या महिला मंडळाची आहे. नवीन पाळक आले, त्यांच्याबरोबर त्यांची बायकोही आली, आणि गुरुवारचं मंडळ तिच्या हाती गेलं. पोरसवदा आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण खमकी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, पवित्र शास्त्रातलं कोणतं पुस्तक वाचूया? आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, रूथ! तुला ठाऊकच आहे, रूथ म्हणजे आमच्या मंडळाची जहागीर. विधवा झालेल्या रूथने आपल्या सासूला, नामीला, जे वचन दिलं, तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, ते आम्ही दर लग्नात नव्या सुनेकडून म्हणवून घेतो आणि मग सासू तिच्या कमरेला चितेंजेचं रंगीत कापड बांधते. तूही म्हटलं होतंस. मध्येच अडखळलीस, लुसुंगुने मागून शब्द पुरवला, तर न्याजेरे त्याच्यावर खेकसली, "तू गप रे! वचन तुला नाही, तुझ्या आईला द्यायचंय!" माझा लेक किती हसला होता त्या दिवशी.

तो देवाघरी गेला आणि तू माहेरी गेली नाहीस. माझ्याबरोबर शेत खुरपलंस, माझं आजारपण काढलंस. मझुझू शहरातल्या दवाखान्यात नोकरी लागली तरी दर सणाला इथेच आलीस. सगळी मंडळी तुला 'आमची रूथ' म्हणू लागली. ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. त्या नावाचं ओझं तुला होत असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

तर पाळकबाई म्हणाली, "वचन पाठ आहे, छान. पुढे काय होतं?" न्याजेरे म्हणाली, "पुढे काय व्हायचंय, सुखाने राहिल्या दोघी." बाईने विचारलं, "कुठे लिहिलंय?" झालं! पुस्तक जेमतेम चार अध्यायांचं, पण आम्ही आयुष्यभर पहिल्याच अध्यायात मुक्काम ठोकला होता. मग तिने नियम घातला. दर गुरुवारी मागचं वाचलेलं पुन्हा वाचायचं, मग थोडं पुढे जायचं, आणि शेवट आला की परत पहिल्यापासून. न्याजेरे कुरकुरली, "एकदा चावलेला घास परत कशाला चावायचा? माझे दात आधीच कमी."

पहिल्या खेपेला मला जे पाठ होतं तेवढंच ऐकू आलं. दुसऱ्या खेपेला मात्र मी दचकले. वचनाच्या वरच, आमच्या नाकासमोर, नामी दोन्ही सुनांना पुन्हा पुन्हा सांगते आहे, पोरींनो, परत जा, देव तुम्हाला नवऱ्याच्या घरी विसावा देवो. सासूच सांगते आहे! आमची नजर आपली वचनावर उडी मारायची, म्हणून हे कधी दिसलंच नाही. मला सरव्याचं शेत आठवलं. काढणी झाली म्हणून पाठ फिरवावी आणि पुन्हा कुदळ मारावी, तर चांगल्या भरल्या शेंगा निघतात.

तिसऱ्या अध्यायात तर धमाल उडाली. नामी रूथला सांगते, आंघोळ कर, सुगंधी तेल लाव, चांगले कपडे घाल आणि शेताचा मालक बवाज खळ्यावर झोपलाय तिकडे जा. बायकांनी चितेंजेचे पदर तोंडावर धरले. न्याजेरे ओरडली, "थांबा, थांबा! हे सासूने सांगितलं? पुन्हा वाचा, माझ्या कानात मळ आहे." पाळकबाईने पुन्हा वाचलं. "अजून एकदा. मळ गेला, पण मजा येतेय."

पुढच्या गुरुवारी तोच भाग पुन्हा आला. सकाळी बवाज रूथच्या शालीत जव ओततो आणि म्हणतो, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आधीच्या वेळी आमच्या हसण्यात हे वाहून गेलं होतं. या वेळी शेंगा सोलता सोलता माझा हात थांबला. मला तांदळाची गोणी आठवली.

इस्टरला तू ती गोणी आणलीस आणि म्हणालीस, बाजारात स्वस्त मिळाली. तिचं तोंड निळ्या दोरीने बांधलेलं. त्या गाठीशी मी दुपारभर झुंजले आणि शेवटी बटाटे उकडून खाल्ले. ती तुझी गाठ नव्हती, पोरी. तुझ्या गाठी वाटेतच सुटतात. गेल्या नाताळात तुझी कोंबडी बसमध्ये सुटून चालकाच्या डोक्यावर बसली होती, विसरलीस? ती गाठ होती लॉरीवर माल आवळणाऱ्याची. आणि गोणीतूनही वास येत होता तो कारोंगाच्या नव्या तांदळाचा. तो कसला स्वस्त मिळतोय!

न्याजेरेने मला कोपर मारलं. "काय झालं?" मी म्हटलं, "तांदूळ." तिला लगेच कळलं. म्हणाली, "हं. लॉरीवाला. उंच आहे, आणि हसरा. फाट्यावर गोणी उतरवून दिली त्याने. तिच्याकडे बघत इतका वेळ उभा होता की मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या." मी म्हटलं, "तू हे पाहिलंस आणि गावात बोलली नाहीस? तू?" तर म्हणते, "आपल्या रूथचं नाव खराब झालं असतं ना!" त्या क्षणी मला समजलं, तुझं तोंड कशाने बांधलं होतं. दोरीने नाही, त्या नावाने. आम्ही तुला रूथ म्हणत होतो आणि रूथचं लग्न होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं!

आता उरले तुझे थोरले सासरे, झोंडवायो. आपल्या घराण्यात त्यांनी मोकळं केल्याशिवाय सुनेला दुसरं घर करता येत नाही, आणि 'सून घरची ती घरचीच' हे त्यांचं पालुपद सगळ्या गावाला तोंडपाठ. रविवारी चर्च सुटल्यावर वडीलधारे त्यांच्या ओसरीवर बसले होते. मी पवित्र शास्त्र घेऊन गेले आणि चौथा अध्याय वाचला. वेशीवर पंचांसमोर जवळचा नातलग रूथवरचा आपला हक्क सोडतो आणि खूण म्हणून पायातलं पायताण काढून बवाजला देतो. ते म्हणाले, "पुन्हा वाच." वाचलं. "तू मधलं काही गाळत तर नाहीस ना?" मग चष्मा मागवला आणि स्वतः ओठ हलवत वाचलं. मग म्हणाले, "लुसुंगु माझाही होता गं." मी म्हटलं, "भावजी, तो आपल्या दोघांचा होता. पण ही जिवंत आहे." त्यांनी डोळे पुसले आणि खाली वाकले.

आता सोड ती पुडी.

होय, चप्पलच आहे. टायरची, डाव्या पायाची. वासाची जबाबदारी माझी नाही. झोंडवायो गावभर एक पाय अनवाणी हिंडताहेत आणि विचारणाऱ्याला सांगताहेत, "शास्त्रात लिहिलंय!" आणि त्या लॉरीवाल्याने येताना नवा जोड आणावा, असा निरोपही आहे. त्याचं नाव मला लिहून कळव. किती दिवस नुसतं लॉरीवाला म्हणायचं?

वचनातून मी तुला सोडत नाही हं. तुझे लोक ते माझे लोक, हे आता मी म्हणते. त्याचे लोकसुद्धा. पुस्तकाच्या शेवटी रूथचं बाळ नामी मांडीवर घेते आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. ते मी मंडळात वाचलं, घरी येऊन वाचलं, काल चुलीपाशी पुन्हा वाचलं आणि पोटभर रडले. तांदळाची गोणी आढ्याला टांगून ठेवली आहे, उंदरांच्या हाती लागू नये म्हणून. ती गाठ मी कापणार नाही. ज्याने बांधली त्याला घेऊन ये, त्याच्याच हातांनी सोडवू, आणि मग सगळ्या गावाला भात घालू.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
अमामा