भोंगा झाला की खाली

३ मार्च, सोमवार
बाराच्या बारा चुकले! प्रश्न साधा होता — मनोऱ्यावर असताना धोक्याचा भोंगा झाला तर कुठे जाल? सगळ्यांनी लिहिलंय, ‘वर’. पवनचक्कीचं यंत्र वरच असतं, आग लागली तर तिथेच लागते, आणि हे वर निघाले! पण पंचवीस-तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली माणसं. तिथे जीव वाचवायचा म्हणजे वर यायचं. खाण बंद झाली, सवय चालू आहे.

खाणकामगारांना पवनचक्कीचं काम शिकवणाऱ्या केंद्रावर मी गणित शिकवायला जाते. निवृत्त शिक्षिका, तासिकेवर. आता दिशाही शिकवायच्या.

माझा धाकटा भाऊ त्या बारांतलाच. अक्षर सगळ्यांत सुवाच्य. शून्य दिलं.

५ मार्च, बुधवार
शिडीची चाचणी. भोंगा झाल्यावर अकरा जण मुकाट खाली आले. धाकटा वर सुटला, तो पार टोकाला! नुसता झेंडा रोवायचा बाकी ठेवला. प्रशिक्षक म्हणाले, दुसरी संधी चौदा तारखेला, तीच शेवटची. नापास झाला तर नोकरीचं पत्र नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी दुसरीकडे कोण दारात उभं करणार त्याला?

८ मार्च, शनिवार
त्याच्या घरचा जिना ताब्यात घेतला. मी पातेल्यावर पळी आपटायची, त्याने जिथे असेल तिथून खाली यायचं. तीस वेळा आपटली, बावीसदा खाली आला. आठदा गच्चीत.

भावजय म्हणाली, शेजारीण विचारून गेली — तुमच्या नणंदबाईंना बरं नाही का?

धाकटा पायरीवर बसून घाम पुसत होता. “डोक्याला कळतं गं ताई. पायांना कोण सांगणार?”

मी सांगेन म्हटलं. ऊठ.

९ मार्च, रविवार
चाळीसपैकी चाळीस! पातेल्याला पोचे आले. भावजयीने ते फडताळात मागे सारलं.

१३ मार्च, गुरुवार
प्रशिक्षकांचा फोन. दुसरे निरीक्षक आजारी, सह्या दोघांच्या लागतात, तर उद्या बाई तुम्ही उभ्या राहाल का? म्हटलं, परीक्षा माझ्या भावाची आहे. म्हणाले, ठाऊक आहे, पण इथे प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा भाऊच निघतो. नियम पुन्हा वाचून दाखवला — भोंग्यानंतर एक पायरी जरी वर गेला तरी नापास. मीच त्यांना तो पाठ म्हणून दाखवू शकले असते.

संध्याकाळी भावजय वाटीभर साखर मागायला आली. उद्याचं काही विचारायचं असावं तशी दारात घुटमळली. साखर न घेताच गेली.

१४ मार्च, शुक्रवार
धाकटा निम्म्या शिडीवर होता. भोंगा झाला. तो वर चढला — थांबला — आणि मग असा सरसर उतरला, जणू जन्मच शिडीवर गेला! प्रशिक्षकांचे डोळे घड्याळावर होते. मान वर केली तेव्हा त्यांना तो उतरतानाच दिसला. एकोणीस सेकंद, केंद्रातला विक्रम म्हणाले. बाहेर थांबलेल्या बाकीच्या अकरा जणांनी आकडा ऐकून टाळ्या वाजवल्या.

पाहिलं फक्त मी.

पट्टे सोडता सोडता त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बकलाशीच खटपट करत राहिला.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘भोंग्यानंतर दोन पायऱ्या वर गेला.’ खाली सही केली. प्रशिक्षकांनी वाचलं, मग हळूच विचारलं, नक्की ना बाई? नक्की म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसाच होता. अक्षर मात्र नव्हतं.

१५ मार्च, शनिवार
धाकटा सकाळी सातलाच दारात. केंद्रावर जाऊन कागद बघून आलो म्हणाला. आत ये म्हटलं, आला नाही.

“ताई, दोन नव्हत्या. तीन होत्या.”